उस्ताद गेला, आता पोरांनी काय करायचं?

प्रश्न ऐकायला पोरकट आहे. संगणकावरच्या एका खेळात कॉलेजचा बास्केटबॉल कोच नोकरी बदलून दुसऱ्या कॉलेजात गेला, तर त्याच्या शब्दावर भरती झालेल्या पोरांनी त्याच्या मागे जावं, की जिथे नाव नोंदवलं तिथेच राहावं? पोरं खोटी, संघ पडद्यावरचे, आणि कोच म्हणजे आमच्याच बराकीतला कुणीतरी ब्लँकेट गुंडाळून बसलेला. तरी तीन आठवडे झाले, लंगरपासून रोल कॉलपर्यंत आमच्याकडे हाच वाद चालू आहे. शेवटी मला विचारलं गेलं. तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं, इथे सविस्तर देतो. माजी सैनिक वाचकांना यात ओळखीचं बरंच काही सापडेल.

आधी खेळ सांगतो. ठिकाण नेहमीप्रमाणे सांगत नाही. एवढंच की इथे बर्फ आहे आणि नेटवर्क मर्जीनुसार येतं. त्यामुळे मोठमोठ्या चित्रांचे, धावपळीचे गेम इथे चालत नाहीत. चालतात ते मजकुराचे, आकड्यांचे, ब्राउझरमध्ये उघडणारे. ‘हूप्स डायनेस्टी’ हा त्यातला एक, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा. आमच्यात तो आणला मिझोरामच्या एका पोराने. (मिझोराममध्ये बास्केटबॉलचं वेड काय आहे, हे तिथे पोस्टिंग झालेल्यांना सांगायला नको.) यात तुम्ही खेळाडू नसता, कोच असता. सुरुवात तिसऱ्या डिव्हिजनच्या लहानशा कॉलेजपासून. बारावीच्या वयाची पोरं हेरायची, त्यांच्या घरी भेट द्यायची, त्यांना कॉलेज बघायला बोलवायचं, ‘तुला इतकी मिनिटं खेळवीन’ असा शब्द द्यायचा. सामना ठरल्या वेळी संगणक खेळून टाकतो, तुम्ही सकाळी उठून निकाल वाचायचा. नाव झालं की वरच्या कॉलेजात अर्ज करायचा. समोरचे बाकीचे कोचही आपल्यासारखीच खरी माणसं असतात, हे महत्त्वाचं.

वाद इथूनच पेटला. मिझो पोराने चार हंगाम घासून एक संघ उभा केला, त्याला वरचं कॉलेज मिळालं, आणि पोरं मागे राहिली. त्याचं म्हणणं, “साब, त्या पोरांना मी आणलं. कॉलेजचं नाव कुणाला माहीत होतं? मी गेलो तर निदान दोघं-तिघं तरी माझ्यासोबत यायला हवीत.” समोर हरियाणाचा एक गडी. त्याने अशाच कुणीतरी सोडून गेलेल्या कॉलेजचा चार्ज घेतला होता. तो म्हणतो, “पोरं घेऊन गेला असता तर मला काय मिळालं असतं? रिकामी बराक आणि कुलूप?” दोघांचंही खरं आहे. म्हणून तर वाद संपत नाही.

आता ज्या देशाचा हा खेळ आहे, तिथे खरं काय होतं ते बघू.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते ती कॉलेजकडून. १९६४ पासून तिथे एक करारपत्र होतं, ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’. पोराने त्यावर सही केली की बाकीच्या कॉलेजांनी त्याचा नाद सोडायचा. त्या पत्रातच स्पष्ट लिहिलेलं असायचं की सही कॉलेजशी आहे, कोचशी नाही. कोच दुसऱ्या दिवशी निघून गेला तरी सही कायम. सुटायचं तर कॉलेजने सोडायला हवं. आणि फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये एका कॉलेजातून दुसरीकडे गेलात, तर साधारणपणे एक वर्ष बाहेर बसायचं. कोच मात्र त्याच हंगामात नव्या कॉलेजच्या बाकावर टाय लावून उभा. हे बरीच वर्षं चाललं.

मग बदललं. २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं, म्हणजे बदली मागणाऱ्यांची एक उघडी यादी. २०२१ मध्ये एकदा तरी वर्ष न गमावता कॉलेज बदलायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. २०२४ मध्ये ‘एकदाच’ ही अटही गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते जुनं करारपत्रही बंद झालं. म्हणजे साठ वर्षं ‘सही कॉलेजशी’ म्हणणाऱ्यांनी सहा वर्षांत सगळंच मोकळं सोडलं.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे जॉन कॅलिपारी. केंटकी हे अमेरिकेतलं बास्केटबॉलचं मोठं घराणं, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. कॅलिपारीने तिथे १५ हंगाम काढले, २०१२ चं विजेतेपद त्याचं. एप्रिल २०२४ मध्ये तो आर्कान्सासला गेला. त्याच्या मागोमाग संघातले तिघं गेले: वॅगनर, थिएरो आणि क्रोएशियाचा उंचपुरा इव्हिसिच. जे अजून केंटकीत आलेच नव्हते, नुसते येणार होते, त्यातलेही तिघं वळले: फ्लँड, नॉक्स आणि रिचमंड. केंटकीकडे शिष्यवृत्तीवरचा जुना खेळाडू जवळजवळ उरला नाही. नवा कोच आला मार्क पोप, जो स्वतः केंटकीच्या १९९६ च्या विजेत्या संघात खेळलेला. त्याने काय केलं? त्याच्या आधीच्या कॉलेजातला, म्हणजे बीवाययूचा रॉबिन्सन त्याच्या मागे आला, आणि बीवाययूला शब्द दिलेला चँडलरही आला. म्हणजे केंटकीची पोरं आर्कान्सासने नेली, आणि बीवाययूची केंटकीने. साखळीच्या शेवटी कुणाची तरी बराक रिकामी राहतेच. ती कुणाची, एवढाच प्रश्न.

पण हिशोब बघा. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आपल्या नव्या संघासह केंटकीच्या मैदानावर आला, लोकांनी हुर्यो उडवली, आणि तो ८९-७९ असा जिंकून गेला. त्या हंगामाच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र केंटकी आणि आर्कान्सास दोघंही शेवटच्या १६ संघांत पोहोचले. कोण बुडालं? कुणीच नाही. आणि वर्ष संपल्यावर कोचच्या मागे आलेल्या त्या सहांपैकी फ्लँड फ्लॉरिडाला गेला, इव्हिसिच इलिनॉयला. एका वर्षात निष्ठा संपली असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. मला तर त्यातून असं दिसतं की ‘कोचच्या मागे जाणं’ हे लग्न नव्हे, त्या वेळची त्या पोराची सोय आहे.

त्याच केंटकीत एक पोरगा मागे राहिला, ट्रॅव्हिस पेरी. केंटकी राज्यातलाच, गावाकडचा. त्याला कॅलिपारीने निवडलं होतं, पण त्याचं मन केंटकीच्या जर्सीत होतं. कोच गेला, तो थांबला. (वर्षभराने तोही दुसरीकडे गेला, ही गोष्ट वेगळी.) आणि २००९ मध्ये हाच कॅलिपारी मेम्फिसहून केंटकीला आला तेव्हा मेम्फिसला तोंडी शब्द दिलेला डिमार्कस कझिन्स त्याच्या मागे केंटकीला आला, मेम्फिसचा दुसरा मोठा मोहरा झेव्हियर हेन्री करारातून सुटला आणि गेला कॅन्ससला, म्हणजे जुन्या कोचकडेही नाही आणि जुन्या कॉलेजातही नाही. एकाच कोचची पोरं, प्रत्येकाचं उत्तर निराळं.

माझं मत इथूनच सुरू होतं. ‘पोरांनी जावं का’ असा सरसकट प्रश्न चुकीचा आहे. पोरगा आला कशासाठी, ते आधी विचारा. घराजवळ म्हणून आला असेल तर कोच गेल्याने घर लांब गेलं नाही, तो राहील. खेळायला मिळेल म्हणून आला असेल तर नव्या कोचने पहिल्या सरावात काय सांगितलं त्यावर ठरवील. कोचसाठी आला असेल तर त्याला बांधून ठेवणं म्हणजे घोड्याला दाणा न देता दावणीला ठेवणं. ईए कंपनीने २०२४ मध्ये अकरा वर्षांनंतर कॉलेज फुटबॉलचा खेळ पुन्हा काढला, त्यात हा विचार थोडा तरी आहे. प्रत्येक पोराची एक ‘डीलब्रेकर’ म्हणजे न मोडता येणारी अट असते: कुणाला खेळायला मिळायला हवं, कुणाला घर जवळ हवं, कुणाला नावाजलेला कोच. अट मोडली की पोरगा पोर्टलमध्ये. आमच्या आकड्यांच्या खेळात असं काही नाही. कोच गेला की पोरं खांबासारखी जागच्या जागी. ते मला पटत नाही.

आता वाचकांपैकी अर्धे म्हणतील, सुभेदारसाहेब, तुम्ही पलटणीतले असून असं बोलता? बरोबर आहे, आपल्याकडे असं चालत नाही. सीओ साहेब दोन-अडीच वर्षांत बदलतात. कितीही लाडके असोत, निरोपाच्या दिवशी जीपला दोर बांधायचे, सगळ्यांनी मिळून गेटपर्यंत ओढायची, आणि गेटवर दोर सोडायचा. कुणी दोर धरून पुढच्या छावणीपर्यंत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ट्रेनिंग सेंटरवरच्या उस्तादाचंही तेच. ज्याने आम्हाला माणसात आणलं, ज्याच्या शिव्या आजही झोपेत ऐकू येतात, त्याला कसम परेडनंतर सलाम ठोकला आणि वॉरंट घेऊन गाडीत बसलो. नाम, नमक, निशान पलटणीचं.

हे असंच का, याची कारणं आपल्या मातीत आहेत. १८०३ साल बघा. दौलतराव शिंद्यांची कवायती फौज पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हाती होती. इंग्रजांशी युद्ध पेटलं, आणि खुद्द पेराँच चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. फौजेतल्या इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना शिंद्यांच्या चाकरीतून जावं लागलं, त्यात जेम्स स्किनर होता. पुढे दिल्लीच्या लढाईनंतर पेराँचे काही घोडेस्वार इंग्रजांकडे आले. तुमचा नायक कोण हवा असं विचारल्यावर त्यांनी स्किनरचं नाव घेतलं. तीच पुढे ‘स्किनर्स हॉर्स’ झाली, आणि आज आपल्या फौजेत रणगाड्यांची मानाची रेजिमेंट म्हणून उभी आहे. कोचच्या मागे संघ गेला, त्याचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही.

आणि त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, अलवरजवळ लासवारीला काय झालं? शिंद्यांच्या ज्या पलटणी उरल्या होत्या त्यांचे बहुतेक युरोपियन अधिकारी निघून गेले होते. तरी पोरं पळाली नाहीत. ती तोफांच्या रांगेला चिकटून राहिली आणि तिथेच कापली गेली. जनरल लेकचा स्वतःचा घोडा त्या दिवशी पडला, आणि जिंकल्यावर त्यानेच या शिपायांच्या शौर्याची कबुली दिली. त्यात मराठी माणसं थोडीच होती. बहुतेक अवध-दोआबची हिंदुस्तानी पोरं. नमक शिंद्यांचं होतं, एवढंच. स्किनरच्या मागे गेलेल्यांच्या नावाने आज रेजिमेंट आहे. लासवारीच्या पोरांची नावं कुणाला माहीत नाहीत. मी लासवारीवाल्यांना मोठं मानतो, यात शंका नाही.

तरीही तो मापदंड अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या पोराला लावायचा नाही, असं मी ठामपणे म्हणतो. कारण पलटण आपल्याकडून जे मागते, त्याच्या बदल्यात काहीतरी देते. आपण जायबंदी झालो तर पलटण विसरत नाही. पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, वीस वर्षांनी बडाखान्याला गेलो तरी कुणीतरी ‘या उस्ताद’ म्हणून ताट वाढतं. सीओ बदलला तरी सूर्य उगवायच्या आधी पीटी तीच, कंपनी तीच, बडी तोच. कॉलेजच्या पोराकडे काय असतं? खेळायचे चार हंगाम. कोच बदलला की खेळायची पद्धत बदलते, नवा माणूस आपली पोरं आणतो, आणि जुना पोरगा बाकावर. त्यातला एक हंगाम गेला तर पाव आयुष्य गेलं. एवढ्याशा शिदोरीवर ‘निष्ठा ठेव’ म्हणून सांगणं, आणि कोचने मात्र लाखो डॉलरच्या करारावर गाव बदलणं, हे मला कधीच पटलं नाही. ज्याला जाण्याची मुभा आहे त्याच्या भरवशावर आलेल्यालाही मुभा हवी.

आमच्याकडेच एक पाच हजार मीटर धावणारा पोरगा आहे. ज्या हवालदाराने त्याला घडवलं, त्याची पोस्टिंग आली आणि तो दुसऱ्या स्टेशनला गेला. पोराने अटॅचमेंटचा अर्ज केला: मला एक हंगाम उस्तादाजवळ द्या. अर्ज माझ्या हातून जाणार होता. कंपनीतले बरेच जण विरुद्ध होते. ब्रिगेडची क्रॉस कंट्री तोंडावर आलेली, आणि हा आमचा पहिल्या नंबरचा. मी अर्जावर ‘शिफारस’ लिहिलं. कारण साधं: धावण्याची त्याची उमेदीची वर्षं मोजकी आहेत, आणि त्याच्या टाचेचं जुनं दुखणं त्या एका माणसाला माहीत आहे. सीओ साहेबांनी एका हंगामासाठी मंजूर केलं. क्रॉस कंट्रीत आम्ही दुसरे होतो ते पाचवे आलो. लंगरमध्ये दोन दिवस माझ्याकडे बघून भांडी जरा जोरात ठेवली जात होती. पोरगा गेला तो पलटणीचाच जवान म्हणून गेला, नाव आमच्याच रोलवर आहे, आणि हंगाम संपला की परत येणार आहे. परत येऊन तो जास्त वेगाने धावेल की नाही, ते सांगता येत नाही. अर्ज मात्र योग्य होता.

म्हणून खेळात काय असावं, तर माझं म्हणणं असं. कोच गेला की त्याच्यासाठी आलेल्या पोरांचा दरवाजा उघडावा, पण ती आपोआप त्याच्या झोळीत पडू नयेत. आपोआप पडली तर खेळ बिघडतो, कारण इथे समोरचे कोच खरी माणसं आहेत. चलाख माणूस लहान कॉलेजात पोरं पिकवील आणि दर दोन हंगामांनी पोतं पाठीवर मारून वर जाईल. त्याला बढतीही मिळेल आणि फौजही. मागे राहिलेल्याला मात्र कुलूप. तेव्हा दरवाजा उघडल्यावर जुन्या कोचनेही सगळ्यांसारखीच रांग धरावी: शिष्यवृत्तीची जागा मोकळी हवी, भेटीगाठींचा खर्च पुन्हा करायला हवा. जुनी ओळख म्हणून थोडं झुकतं माप, बस. आणि त्याने त्या पोराला पूर्वी दिलेला मिनिटांचा शब्द मोडला असेल, तर तेही माप नाही. पोरं विसरत नाहीत. खोटी असली तरी खेळाने त्यांना विसरू देऊ नये.

नव्याने चार्ज घेणाऱ्यालाही काहीतरी द्यायला हवं. खऱ्या जगात मार्क पोपला केंटकीचं नाव होतं, म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांत संघ भरू शकला. तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजला ते नाव नसतं. त्याला पहिल्या हंगामात भरतीसाठी जादा पैसा आणि जादा मुदत मिळावी. शिवाय जाणाऱ्या पोराशी निदान एकदा बोलायची पहिली संधी त्याची असावी. आमच्या हरियाणाच्या गड्याला एवढं मिळालं असतं तर त्याने तोंड वाकडं केलं नसतं, असं तो स्वतः म्हणतो.

दोन-तीन हंगाम खेळलेल्या जुन्या पोरांसाठी मी नियम जरा कडक ठेवीन. त्यांच्या भोवती संघ बांधलेला असतो, मित्र असतात, शिक्षण अर्ध्यावर असतं. खेळाने हे आकड्यांत धरावं, म्हणजे बहुतेक आपणहून राहतील. ज्याने सही केली पण अजून कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही, त्याच्यावर मात्र कसलंच बंधन नको. कझिन्सने मेम्फिसची जर्सी अंगात घातलेलीच नव्हती. सेंटरवर रिपोर्ट करण्याआधी रंगरूट कुठल्याच पलटणीचा नसतो. तो आपल्या गावाचा असतो, आणि आईने बांधून दिलेल्या डब्याचा.